बेंझीनची वाग्दत्त वधू

एकाहत्तर सालाच्या सुमारास मी पारनेरला एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत होतो. ‘मला माहीत नाही’ एवढं वाक्य सोडून जगातलं कुठलंही वाक्य मला बोलता येत असे.

एकदा अकरावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, बेंझीनला बेंझीन का म्हणतात?”

मला कुठे ठाऊक! मी खडू ठेवला, डोळे मिटले आणि बेंझा नावाची जर्मन मुलगी जन्माला घातली. एका शास्त्रज्ञाशी तिचा साखरपुडा झाला, लग्नाला आठ दिवस उरले आणि तिला मी प्लेगने मारून टाकलं. दुःखी शास्त्रज्ञाने मग आपल्या नव्या द्रवाला तिचं नाव दिलं. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. मी फुलून गेलो.

मास्तरांचं बोलणं तपासायची आमच्याकडे रीत नव्हती, पाठ करायची होती. नगरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्या मुलीने बेंझा हातवाऱ्यांसकट पाठ केली. तालमीत ऐकूनही मी अडवलं नाही. इतकं छान बोलत होती! आणि तिचे वडील मला बजावून गेले होते, “मास्तर, नंबर आला तर कॉलेजात घालतो. न्हाई आला तर माघात लगीन. स्थळ लई चांगलं हाय.”

नगरला परीक्षक होते एक म्हातारे प्राध्यापक. बेंझा मरेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं, मग पोट धरून हसले.

“अगं, बाळंतिणीच्या खोलीत ऊद जाळतात ना? अरब त्याला लुबान जावी म्हणायचे, जावा बेटाकडचा धूप. युरोपात पोचेपर्यंत त्याचं बेंझोइन झालं. त्यातलं आम्ल काढलं, आम्लापासून हा द्रव, म्हणून बेंझीन. तुला हे कुणी शिकवलं?”

मी दोन हात अंतरावर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

“कुणी न्हाई सर. माझ्याच मनानं.”

मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो. चांगला धडधाकट अंगठा होता.

नंबर आला नाही. परतताना एसटीत ती हळूच म्हणाली, “सर, आबांना गोष्टीचं सांगू नका. शाळेवरचा विश्वास उडंल त्यांचा. धाकटीला पण काढतील.”

मी “बरं” म्हणालो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

माघात लग्नाला गेलो. पंगतीत तिचे वडील स्वतः बुंदी वाढत माझ्यापाशी आले. “घ्या मास्तर, लाजू नका. पोरीवर तुमी लई कष्ट घेतले.”

मी पत्रावळ पुढे सरकवली.