तक सरांचा फुटबॉल आणि मीरानचं हिरवं लोखंड

दैजॉनच्या विद्यापीठात मी शीतयंत्रं सांभाळायचो. रसायन मला अर्धंमुर्धं कळतं, तेही मीरानमुळे. प्यो मीरान समुद्राकाठच्या तोंग्योंगची, कालवं सोलणाऱ्या बाईची मुलगी. हुशार, पण जीभ आईच्या सुरीसारखी.

तिच्या प्रबंधाचा जीव एका हिरव्या द्रावणात होता. लोखंडाच्या अणूवर ऑक्सिजन घट्ट बसवलेला, कडाक्याच्या थंडीतच टिकणारा. तो शेजारच्या रेणूला लुबाडतो, हे सगळ्यांना मान्य. मीरान म्हणायची, आम्लाचा थेंब पडला की तो आधी नुसता इलेक्ट्रॉन पळवतो, बाकीचं मागाहून.

"आधी पाकीट, मग कोट. कळलं ना काका?"

"आणि पाकिटासकट कोटच एकदम ओढला असेल तर?" तिची वरिष्ठ सेयोंग मध्येच म्हणाली.

"ताई, चोरांची तुला जास्त माहिती. तूच सांग."

शेवटी तिचे मार्गदर्शक, तक सर, यांनी निकाल दिला. पाकीट गेलेला, पण कोट अंगावर असलेला रेणू यंत्राच्या पडद्यावर क्षणभर तरी दिसला पाहिजे, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून बाद.

अडचण होती जेवणाची. यंत्र वरिष्ठांना आधी, त्यामुळे सगळ्यांत धाकट्या मीरानची पाळी बाराच्या तोंडावर. द्रावण हिरवं होतंय तोच सर "चला, जेवू या" म्हणत उठायचे. सर उठले की सगळे उठणार, मागे राहायची कुणाची छाती? परत येईतो हिरवा रंग उडालेला आणि सर वर्गावर.

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशीही सरांनी खुर्ची मागे सरकवलीच.

"सर," मीरानने भोळा चेहरा करून विचारलं, "तुम्ही सैन्यात फुटबॉल खेळायचात म्हणे?"

सेयोंगने कपाळाला हात लावला. आमच्याकडे कुठलीही शहाणी बाई पुरुषाला हा प्रश्न विचारत नाही; सैन्यातला फुटबॉल एकदा सुरू झाला की संपत नाही.

सर परत बसले. "छोरवॉनला होतो, सीमेवर. गुडघाभर बर्फ..."

"गुडघाभर? बाई गं!" मीरानची नजर मात्र द्रावणावर. हिरवं होत होतं.

"आणि गोलात आमचा सार्जंट."

"उभा?"

"उभा कसला! पेंगत होता!"

तिने सिरिंजने आधी लुबाडायचा रेणू सोडला, मग आम्ल. "आणि चेंडू कुठून आला, सर? इकडून?" तिने पडद्यावर बोट ठेवलं.

सरांनी मान वळवली. पडद्यावरच्या रेषेवर एक नवा उंचवटा चढला आणि बघता बघता उतरला. सरांनी खुर्ची पडद्याकडे ओढली.

"पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"आधी पाकीटच," सर हळूच म्हणाले. "प्रकरण राहू दे."

"बरं बाई, हरले मी," सेयोंग उठत म्हणाली. "आता चला, सूप संपेल."

"बसा सगळे," सर म्हणाले. "गोल अजून व्हायचाय."

बसलो. सगळ्यांत आधी पोट गुरगुरलं ते मीरानचं, पण तिच्याकडे कुणीही दयेनं पाहिलं नाही.