धवला थांबला त्या दुपारी

पनवेलचे रस्ते मला विचारू नका, संडास विचारा. कुठल्या मॉलमधला स्वच्छ असतो, कर्नाळ्याच्या पुढे कुठल्या धाब्यावर कडी लागत नाही, सगळं तोंडपाठ आहे. पन्नाशी ओलांडली आणि माझ्यामागे हे लचांड लागलं. लागली म्हणजे लागली, दम धरायची सोय नाही. दाराचं कुलूप काढेपर्यंत साडी ओली. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर. आयुष्यात मी कशातच फारशी उत्साही नव्हते, माझं ब्लॅडर तेवढं निघालं.

मी डोंबिवलीच्या नोकरदार घरातली, लग्न करून पनवेलजवळच्या आगरी घरात आले. सासूबाई धवलारीन. आगरी लग्नात हळदीपासूनचे विधी जी बाई गाऊन करते, ती धवलारीन आणि तिचं गाणं म्हणजे धवला. ती ओळ म्हणते, मागच्या बायका उचलून धरतात. हळदीसाठी मांडलेल्या चौकाभोवती बसलेल्या सवाशिणींनी धवला पुरा होईपर्यंत उठायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मधे तुटला तर वाईट मानतात. सासूबाईंनी तो कधीच तोडला नव्हता. एकदा मांडवातले दिवे गेले, पळापळ झाली, तरी सासूबाई अंधारात गातच होत्या. ही गोष्ट त्या आल्यागेल्याला ऐकवतात.

आणि अशा बाईची सून मी. पुतण्याच्या हळदीत मी दोनदा उठले. कारण सांगायची लाज वाटली म्हणून एकदा फोन आल्याचं नाटक केलं, दुसऱ्यांदा तेही सुचलं नाही. मागे कोणीतरी म्हणालं, शहरातल्या बायांना आपल्यात बसवत नाय. सासूबाईंनी ते ऐकलं आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलणं बंद केलं. मीही काही कमी नाही, मीही तोंड फुगवून बसले. दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करायचो आणि मिठाचा डबा मागायचा झाला तरी माझ्या मुलाला हाक मारायचो.

शेवटी एका सकाळी बोंबील साफ करताना त्यांनीच विचारलं, "आमची लाज वाटते काय गो तुला?"

मला रडूच फुटलं. मग सगळं सांगितलं. पिशवीत घडी करून ठेवलेली जादा साडी, पॅड, बाहेर जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी पिणं तोडणं. त्या खाली मान घालून बोंबील कापत राहिल्या. एकदाच विचारलं, झोपेतपण होतं काय. होतं कधीकधी, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या चहाच्या कपाशेजारी तिळाचा लाडू. अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना देतात तो. मला असा राग आला म्हणून सांगू. पन्नाशीच्या बाईला लाडू! पण त्या समोर उभ्याच राहिल्या, खाल्ल्याशिवाय हलेनात. खाल्ला. त्यानंतर रोजच खात गेले. खरं काम केलं ते डॉक्टरीणबाईंच्या व्यायामाने. खालचे स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. कळ आली की लगेच धावायचं नाही, थोडं थोडं थांबायला शिकायचं. चहा कमी, पाणी मात्र तोडायचं नाही. मी डोळे मिटून खुर्चीत बसले की सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करायच्या. जपाला बसलेल्या माणसाला द्यावा तसा मान मला मिळू लागला. गुण मात्र लाडवालाच जायचा.

बरंच सावरलं, पूर्ण नाही. आणि नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, शिरढोणला. ही पोर लहानपणी सुट्टीभर माझ्या कुशीत झोपलेली. तिला हळद लावायला मामी म्हणून मला चौकाशी बसायचं होतं, जीव तुटत होता बसायला. आणि भीतीही तेवढीच. पुन्हा उठले तर माझी अब्रू जायची ती जाईलच, सासूबाईंच्या गाण्यालाही बोल लागेल. मी म्हटलं, मला नका बसवू. त्यांनी ऐकलं नाही. "तुझी जागा हाय ती. बस गुमान."

बसले. दुपारची हळद, मांडव गच्च भरलेला. सासूबाईंचा आवाज अजून खणखणीत. पहिला धवला निभावला, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसरा अर्ध्यावर आला आणि कळ आली. आवळलं, धरलं, भाचीच्या हळदीच्या पायांकडे बघत राहिले. कपाळावर घाम आला. वर पाहिलं तर सासूबाई गाता गाता माझ्याकडेच बघत होत्या.

आणि त्या गायच्या थांबल्या. ओळीच्या मधेच.

मागच्या बायका गोंधळून आपोआप गप्प झाल्या. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "थांबा गो. मना जावाचा हाय, धरवत नाय आता," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग माझा दंड पकडला. "चल गो सूनबाई, मना धर."

मी त्यांना धरलं, म्हणजे लोकांना तसं दिसलं. प्रत्यक्षात त्या मला ओढत नेत होत्या. संडासाच्या दारापाशी थोडी गळलीच, पण पॅडने साडी वाचवली. बाहेर आले तेव्हा त्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, आता तुम्ही जा."

"मना कुठं लागलीय?" त्या म्हणाल्या. "चल, पोरगी खोळंबलीय."

मांडवात शिरताच कोणीतरी हसून म्हणालं, धवलारीन म्हातारी झाली बरं का. मला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. सासूबाईंनी माझा हात दाबला. "झाली गो, झाली," म्हणत त्या खाली बसल्या, मला शेजारी बसवलं आणि जिथे सोडली होती तीच ओळ पुन्हा उचलली. अंधारातल्या गाण्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही. आता ती मी सांगते.