सुई कोणी द्यायची

फुलसावंगीच्या पुढे रस्ता सोडून आत वळलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. त्या तांड्यातून परदेशी गेलेली पहिली बाई म्हणजे राखी, रामधन राठोडांची सून. आयर्लंडातल्या एका मोठ्या दवाखान्यात ती नर्स आहे. आयर्लंड कुठे आहे हे तांड्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना ते लंडनचंच एखादं उपनगर वाटतं. पण राखी सुट्टीवर येणार म्हटल्यावर सगळ्यांनी आपापली दुखणी जपून ठेवली होती. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. शेजारच्या सुखीबाईने तर दुखरा दात काढणंसुद्धा थांबवलं होतं, जणू राखी दाताचीच डॉक्टर होऊन येणार होती.

आणि इकडे राखीची गत अशी, की ती नुसत्या सुईला भ्यायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

रामधनला शुगर होती. जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागे आणि ते काम इतके दिवस शाम, म्हणजे राखीचा नवरा, करत होता. राखी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासू बिजलीबाईने फ्रिजमधली बाटली आणि सुई काढून मोठ्या थाटात तिच्यापुढे धरली. दारात दोन शेजारणी मुद्दाम बसवून ठेवल्या होत्या.

“घे वं बाई. आता तू आली, शामले सुटी.”

घरात बोलणं सगळं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं, पण गोष्ट सगळ्यांना कळली पाहिजे म्हणून आपण ती वऱ्हाडीत सांगू; ‘याडी’, म्हणजे आई, एवढा शब्द मात्र तसाच ठेवू.

“त्यायचा हात बसला हाये, याडी. त्यायलेच देऊ द्या,” राखी म्हणाली आणि पाण्याचा हंडा उचलून बाहेर गेली. भरलेलाच हंडा होता तो.

त्यानंतर रोज काही ना काही निघायचं. कधी हात पिठाचे, कधी डोकं दुखतं. बिजलीबाई भोळी असेल, पण आंधळी नव्हती. सून घरच्या माणसाच्या अंगाला हात लावत नाही, हे तिला लागलं. “घरची करते देवा देवा, अन् बाहेरचीले चोळी शिवा,” ती चुलीशी बसून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “गोऱ्यायचे हागमूत काढते. सासरा मातर घाण झाला.”

खरं सांगायचं तर राखीला आतून ओरडावंसं वाटत होतं, की याडी, घाण तुमचा माणूस नाही, माझे हात आहेत.

तिकडे झालं होतं ते असं. आयर्लंडच्या वॉर्डात नियम होता, औषध देण्याआधी पेशंटला त्याच्या तोंडून त्याचं नाव सांगायला लावायचं. मग तो शंभर वर्षांचा का असेना. आता राखी तांड्यात वाढलेली. वडीलधाऱ्याला तोंडावर ‘नाव काय तुमचं’ विचारणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, हे तिच्या अंगात मुरलेलं. नागपूरच्या दवाखान्यात ही अडचण कधी आली नाही, कारण तिथे खाटेभोवती पेशंटची बायको, भाऊ, मेव्हणा सगळे उभे असत आणि न विचारता सात पिढ्यांची नावं सांगत. तिकडे म्हातारा माणूस खाटेवर एकटाच. मग राखी खाटेमागची पाटी वाचायची, हसून मान तुकवायची आणि सुई द्यायची. विचारणं तेवढं टाळायची.

एके सकाळी दोन म्हाताऱ्यांनी खाटा बदलल्या. एकाला खिडकी हवी होती. पाट्या बदलायच्या राहिल्या. राखीने इन्सुलिन दिलं ते ज्याला शुगर नव्हतीच त्याला.

थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तो घामाने भिजला होता आणि बायकोचं नाव घेऊन कुणाशी तरी बोलत होता. तिने आरडाओरडा केला, लोक धावले, शिरेतून साखर दिली, म्हातारा वाचला. चौकशी झाली. तिला कुणी हाकललं नाही, शिवी दिली नाही. वॉर्डची मोठी सिस्टर चहा घेऊन बसली, पुन्हा शिकवलं आणि कामाला लावलं. तो म्हातारासुद्धा तिचा हात थोपटून म्हणाला, काही झालं नाही पोरी. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राखीला अजून वाटतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. राखी पाणीसुद्धा फुंकू लागली. एक गोळी द्यायची तर पुन्हा पुन्हा पाकीट वाचायची. वॉर्डातली घंटी वाजली की आपल्याच हातून काही झालं असं वाटायचं. ड्युटीला निघण्याआधी न्हाणीघरात जाऊन ओकायची, तोंड धुवायची आणि हसत बाहेर पडायची. आपल्या हातून माणूस मरणार, आज नाही तर उद्या, हे तिच्या मनाने पक्कं धरलं होतं. आता सुट्टी संपत आली होती, नागपूरहून जायचं तिकीट काढलेलं होतं, आणि परत जायचं की नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

त्या दिवशी शाम कापूस घेऊन पुसदला निघाला. जाताना म्हणाला, “आज तूच दे बाबाले सुई. भूलजो नको.” राखी हो म्हणाली. आणि सुई द्यायची वेळ झाली तशी न्हाणीत जाऊन कडी लावून बसली. पाणी सांडत राहिली, म्हणजे आंघोळ चालली आहे असं वाटावं. शिकलीसवरली, परदेशात कमावती बाई सासूला भिऊन नव्हे, एका बोटभर सुईला भिऊन दगडावर उकिडवी बसली होती. हसू येईल, पण तिच्या जागी बसून पाहावं.

बाहेर आली तेव्हा बिजलीबाई अंगणात उभी होती, विजयी मुद्रेने.

“देल्ली म्या सुई. शामचं पाह्यलेलं हाये मले. कोनाच्या पाया पडाची गरज नाही.”

“किती देल्ली?”

“जेवढी थो देते तेवढीच.”

“मामाजी जेवले?”

“कायचं जेवतात! नायकाकडचं बोलावनं आलं. सोयरे आले पोरीले पाह्याले. तिथंच जेवतीन.”

सुई पोटात आणि भाकर नाही. तांड्याच्या प्रमुखाच्या, नायक डोंगरसिंगाच्या घरी जेवण होतं खरं, पण ते कधी? तांड्यात सोयरीक जुळली की गूळ फोडतात, तो सगळ्यांना वाटतात, आणि मगच पंगत बसते. गूळ फुटेपर्यंत कुणी अन्नाला शिवत नाही. आणि रामधनसारखे चार जाणते जमले, की देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलणं कापसाच्या वेचणीसारखं लांबतं.

आता राखीने जाऊन बोलवायला नको का? हवं होतं. पण सोयऱ्यांसमोर, पुरुषांच्या बैठकीत, सुनेने जाऊन सासऱ्याला म्हणायचं, चला जेवायला? ती दारापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. चुकीचं काही करण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं, असं मनाला सांगत राहिली. भिणाऱ्या माणसाला हे सांगणं फार गोड लागतं.

तेवढ्यात नायकाच्या घराकडून गलका ऐकू आला. कुणीतरी हसत हसत सांगत आलं, “रामधन बुढा नवरदेवाच्या काकाले शिव्या देऊन राह्यला! सकाळीच टाकून आला काय?”

“घेत नाही थो!” बिजलीबाई भडकली. “माळ हाये त्याच्या गळ्यात!”

राखी तोवर पळत सुटली होती. पदर डोक्यावर होता की नव्हता, तिला आठवत नाही.

ओसरीवर रामधन भिंतीला टेकून कलंडला होता. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावर घामाचे थेंब, ओठ हलत होते आणि शब्द वेडेवाकडे निघत होते. तोच घाम. तीच हरवलेली नजर. राखीला वाटलं, आपण तांड्यात नाहीच, त्याच खाटेपाशी उभ्या आहोत आणि या वेळी म्हातारा वाचणार नाही. कुणी म्हणत होतं ऊन लागलं, कुणी कांदा शोधत होतं. सगळे मग तिच्याकडे पाहू लागले. फॉरेनची नर्स.

घरातल्या शुगरच्या मशीनच्या पट्ट्या कधीच संपल्या होत्या. तपासायला काही नव्हतं. समजा शुगर वाढलीच असली तर? समजा पुन्हा चुकलं तर? मग तिने एकच विचार केला. वाढलेली असेल तर गुळाच्या एका खड्याने तो आत्ता मरणार नाही. उतरलेली असेल तर गुळावाचून मरेल.

पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते घशात अडकतं. आधी शुद्ध पाहायला हवी. ती गुडघ्यावर बसली. सगळ्या सोयऱ्यांसमोर, तोंडावर पदर न घेता, सासऱ्याचा खांदा हलवून ओरडली,

“रामधन! रामधन! नाव सांगा तुमचं!”

सुनेने सासऱ्याचं नाव घेतलं, तेही असं, बैल हाकल्यासारखं.

म्हाताऱ्याचे डोळे तिच्यावर येऊन थांबले. “रामधन...” तो पुटपुटला. “रामधन भावसिंग...”

शुद्ध होती. गिळता येणार होतं. नायकापुढे ताटात फडक्याखाली गुळाची भेली होती. राखीने फडकं ओढलं आणि भेली दगडावर आपटली.

“अवं, सोयरीक व्हाची हाये अजून!” डोंगरसिंग उठलाच. न जुळलेल्या सोयरिकीचा गूळ फोडणं म्हणजे अपशकुनच की.

मागून धापा टाकत आलेल्या बिजलीबाईने तिचं मनगट पकडलं. “शुगर हाये त्याले! गूळ देऊन मारतं का माह्या मानसाले?”

राखीने हात सोडवून घेतला. पाण्यात गूळ चुरला आणि रामधनच्या ओठाला पेला लावला. “गिळा. अजून. गिळा.” त्याने गिळलं. ती त्याच्या गळ्याकडे पाहत राहिली, प्रत्येक घोट उतरताना मोजल्यासारखी. लोक म्हणतात अशा वेळी बळ येतं. तिला काही बळबीळ आलं नाही. ती भीतीने अर्धी झाली होती आणि तशीच पाजत होती.

काही वेळाने रामधनचा घाम थांबला. त्याने आजूबाजूला पाहिलं, सुनेचं उघडं तोंड पाहिलं, फुटलेली भेली पाहिली आणि शरमून म्हणाला, “जेवन झालं काय सगळ्यायचं?”

त्याला तिथेच भाकर खाऊ घातली. सोयरीक उरलेल्या गुळावर जुळली. नवरदेवाच्या काकाने शिव्या पोटात घातल्या, कारण पोरगी चांगली होती. फुलसावंगीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वेळेवर साखर पोटात गेली म्हणून निभावलं. तांड्यात राखीचा जयजयकार झाला. तिला तो नको होता. सकाळी न्हाणीत लपली नसती, तर हे झालंच नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्यावर बिजलीबाई दिसेना. राखीने शोधलं तर ती घरामागे तुराट्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. हात पदरात गुंडाळलेले.

“म्याच मारलं असतं त्याले,” ती म्हणाली. “ह्या हातानं. सुई म्या देल्ली अन् जेवाले मातर बसवलं नाही. आता मरेपर्यंत सुईले हात लावत नाही.”

राखी तिच्याशेजारी बसली. हे वाक्य ती स्वतःशी इतक्या वेळा बोलली होती, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. पाटी, खाटा, म्हातारा, न्हाणीघरातलं ओकणं आणि आज सकाळची कडीसुद्धा. सून गर्विष्ठ नाही, भ्यालेली आहे, हे कळल्यावर बिजलीबाईचा चेहरा उतरला.

“थो तिकडचा बुढा जिता हाये?” तिने विचारलं.

“हाये.”

“मंग तू कायले भेतं?”

“मामाजीबी जिते हाये. तुमी कायले भेता?”

शाम गाडी घेऊन आला तेव्हाच दोघी उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामधनपुढे आधी भाकर आणि तुरीचं वरण वाढून ठेवलं. मग बाटली आणि सुई मध्ये ठेवून दोघी समोरासमोर बसल्या. बिजलीबाई हात पुढे करीना. शाम उठायला लागला तर राखीने त्याला खुणेने बसवलं.

“कोनीबी द्या,” रामधन म्हणाला. “वरन थंड होऊन राह्यलं.”

राखीने सुई उचलली. हात कापत होता. तो थांबायची तिने थोडी वाट पाहिली, थांबला नाही. मग तिने बाटली वाचली, औषध ओढलं, बिजलीबाईला दाखवलं, पुन्हा स्वतः पाहिलं, आणि कापत्या हातानेच सुई दिली. रामधनने लगेच भाकर मोडली.

“गेलं भेव?” बिजलीबाईने हळूच विचारलं.

“नाही.”

“मंग परत कशी जाशीन वं तिकडे?”

“भेत भेतच जाईन,” राखी म्हणाली.