डेलमर फ्यूगेटची एक वाजताची तारीख

डेलमर फ्यूगेट एकोणसत्तराव्या वर्षी पार थकला होता, पण तसं कुणाजवळ बोलून दाखवत नसे. केंटकीच्या डोंगरांतल्या एका लहान गावात त्याची वकिली. दारू सोडून एकवीस वर्षं झालेली. त्यातली एकोणीस वर्षं तो वकिलांना मदत करणाऱ्या ऑफिसचं काम फुकट करत होता. पिणाऱ्या, गोळ्या खाणाऱ्या, खचलेल्या वकिलांच्या घरी जायचं, बोलायचं, जमलं तर उपचाराला न्यायचं. अट एकच: कुणाकडे गेलो ते जजला सांगायचं नाही, बायकोलाही नाही. म्हणून तर दारं उघडतात. ही वकिलांची जमात जीव देईल, पण सनदेला धक्का लागू देणार नाही.

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला त्या मदतीच्या ऑफिसातून लोर्नाचा फोन आला. "डेलमर, कर्टिस नेपियरसाठी लेक्सिंग्टनच्या व्यसनमुक्ती केंद्रात बेड मिळालाय. अकरापर्यंतच धरून ठेवतायत."

"माझी एकला तारीख आहे गं."

"वेळेत परत येशील रे."

अशा कामाला दोघांनी जायचा रिवाज. पण डेलमरच्या जोडीदाराची पाठ धरली होती, तेव्हा तो एकटाच निघाला.

कर्टिस चाळिशीचा, एकेकाळचा मोठा तरतरीत वकील. स्वयंपाकघरात दाढी वाढवून बसला होता. पुढ्यात व्हिस्कीची बाटली आणि पिवळ्या कागदांचं पॅड. आपण दारुडे नाही, हे त्याने त्यावर अकरा मुद्द्यांत लिहून काढलं होतं.

"आधी हे खोडून दाखवा, मग येतो," तो म्हणाला.

दारुड्याशी वाद घालू नये, हे डेलमरच नव्या लोकांना शिकवायचा. पण वकिलापुढे मुद्दा ठेवल्यावर त्याला कुठलं राहवतंय! त्याने चष्मा चढवला. "चौथ्यात म्हणतोस, कामावर थेंब घेत नाही. सातव्यात म्हणतोस, पिऊन गेलो तरी केस जिंकली. टिकेल का हे कोर्टात?"

"मग चौथा काढून टाकतो."

"असा कसा काढशील? रेकॉर्डवर आलाय तो!"

तासभर हीच हुज्जत. दहावा मुद्दा होता, माझी मुलगी अजून माझ्याशी बोलते. "बोलते?" डेलमरने विचारलं. कर्टिस हुंदके द्यायला लागला आणि त्याने बाटलीला हात घातला. डेलमरनेही घातला. ओढाताणीत व्हिस्की डेलमरच्या कोटावर सांडली. मग कर्टिस मुकाट्याने गाडीत बसला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना दोघं लेक्सिंग्टनला पोचले. कागद भरेपर्यंत कर्टिस त्याचा हात सोडेना. डेलमरने कोर्टात फोन करून उशीर होईल एवढंच कळवलं. कोर्टाच्या पायऱ्या चढला तेव्हा सव्वादोन वाजले होते. त्याची अशील, ऐंशी वर्षांची ओपल नोबल, तासभर बाकावर बसून चिडून घरी गेली होती.

जज रोबर्टा स्लोन यांनी त्याला खोलीत बोलावलं. त्यांनी डेलमरचे जुने दिवस पाहिले होते. त्या दिवसांत त्याने तारखा चुकवायला एकाच मावशीला तीनदा पुरलं होतं. त्यामुळे आता टायर पंक्चर झालं म्हणायचीही सोय नव्हती.

"कुठे होतात?"

"सांगता येणार नाही, बाई."

"अंगाला दारूचा वास येतोय, डेलमर."

"येतोय. पण मी प्यायलो नाही."

"मग कोण प्यायलं?"

गावात वकील इन मीन चौदा. नुसतं 'दुसरं कुणीतरी' म्हटलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत कर्टिसचं नाव निघालं असतं. एकवीस वर्षांची अब्रू डोळ्यांदेखत चालली होती आणि त्याला तोंड उघडता येत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

जजबाईंनी एक कार्ड काढलं आणि फोन त्याच्यापुढे सरकवला. "तक्रार करायची माझी इच्छा नाही. पण या लोकांना आत्ता, माझ्यासमोर फोन करा."

कार्ड त्याच मदतीच्या ऑफिसचं होतं; डेलमर त्यांचं काम करतो हे जजबाईंना ठाऊक नव्हतं. नंबर त्याला तोंडपाठ होता. तरी त्याने कार्ड बघून लावला.

"मी डेलमर फ्यूगेट, वकील. मला मदत हवी आहे."

पलीकडे लोर्नाच होती. तिने हळूच विचारलं, "जज समोर आहेत?"

"हो."

"अरे देवा. मलाही त्यांना काही सांगता येणार नाही रे. तू आपला बोलत राहा. काय होतंय ते सांग, म्हणजे त्यांचं समाधान होईल."

सांगायला त्याच्याकडे काय कमी होतं! एकोणीस वर्षं लोकांची रडगाणी ऐकली होती. "झोप लागत नाही," त्याने सुरुवात केली. "कुणाचं दार वाजवायचं म्हटलं की गाडीतून उतरवत नाही. बायकोशी दोन शब्द बोलायचं त्राण उरत नाही." इथे त्याने हातातलं कार्ड खाली ठेवलं. "आज कोटावर दारू सांडली. येताना दोन तास मी गाडीची काच उघडली नाही, लोर्ना. वास जाऊ नये म्हणून."

लोर्नाने विचारलं, "हे त्यांना ऐकवायला बोलतोयस ना?"

"नाही गं."

"तिथेच थांब. मी स्वतः निघते. दोन तासांत पोचते."

जजबाईंनी पुढची सगळी कामं उद्यावर ढकलली आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या. डेलमरने दारूने भिजलेला कोट काढून दाराबाहेर ठेवला, आणि तो लोर्नाची वाट बघत बसला.