ओला रंग

"सील शाबूत होतं, ताई. तीन हिसके दिले मी. नंबर आकड्याला आकडा जुळला."

"सीलचं कौतुक नको सांगूस. दार बघितलं होतंस का?"

गेटच्या केबिनीत तो मान खाली घालून बसला. कंटेनर यार्डात त्याला सगळे हिसकाच म्हणत. येणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या दारावरच्या सीलला तीन हिसके द्यायचे, नंबर मोठ्यानं वाचायचा, मग वहीत 'शाबूत' लिहायचं. अठरा वर्षं हेच. ताईचा नवरा, म्हणजे दाजी, आत फोर्कलिफ्ट चालवायचे. जाता-येता केबिनीच्या काचेवर टिचकी मारायचे, "काय मेव्हणे, हिसके संपले की आहेत शिल्लक?"

वर्षापूर्वी औषधांचा कंटेनर आला. हिसक्यानं लिहिलं, शाबूत. दोन दिवसांनी उघडला तर खोक्यांत विटा. गेटवर शाबूत, म्हणजे हात मारला तो आतल्याच कुणीतरी. आणि तो कंटेनर उभा होता त्या रांगेत दोन्ही दिवस दाजीच कामाला. ते चोर ठरले, कामावरून गेले. चार महिन्यांत छातीत कळ आली आणि जगातूनच गेले.

तेव्हापासून भर दुपारी काचेवर टिचकी वाजते. हा वर बघतो, तर बाहेर नुसतं ऊन.

आणि अंगठा. त्या दिवशी औषधांच्या कंटेनरच्या दाराच्या बिजागरीला टेकला न् राखाडी झाला होता. रंग ओला होता. यानं पँटला पुसला आणि पुढचा ट्रक घेतला. आता अंगठा घासून घासून साल निघालीय, तरी त्याला तो राखाडीच दिसतो.

"चौकशीसाठी अडवून ठेवलेला तो कंटेनरचा डबा आज भंगारात जातोय म्हणे," ताई म्हणाली. "तो गेला की माझ्या माणसाच्या कपाळावरचा शिक्का कायमचा."

काचेवर टिचकी वाजली. ताईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. हिसका उठला, तडक यार्डाच्या साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. ताई मागोमाग आली.

"साहेब, त्या डब्याच्या बिजागरीचा रंग ओला होता. मी लिहिलं नाही."

"वर्षभर तोंडात काय धरलं होतंस?"

"नोकरी."

साहेबांनी यार्डाच्या कोपऱ्यात जाऊन त्या डब्याच्या बिजागरीवर किल्ली घासली. बोल्टचं डोकं भसकन निघून हातात आलं. पुट्टीचं होतं, वरून रंग मारलेला. वाटेतच कुणीतरी सीलला हात न लावता अख्खं दार बिजागरीतून उतरवलं होतं, आणि आत विटा भरून पुन्हा चिकटवलं होतं.

"तुझ्या दाजींचं नाव मी चोरीतून आजच काढायला लावतो," साहेब म्हणाले. "तुझं काय ते वरचे ठरवतील. तोवर गेट सोडू नकोस."

ताई रडली नाही. "वर्षभर माझ्या घरी येऊन जेवत होतास तू," एवढंच बोलली आणि चालती झाली.

बाहेर ट्रकनं हॉर्नवर हॉर्न लावला होता. हिसका गेला. आधी एकेका बिजागरीवर अंगठा दाबला, उचलून उन्हात धरला. कोरडा. मागं काचेवर टिचकी वाजली. तो वळला नाही. सील हातात धरलं आणि पहिला हिसका दिला.