शारजात संत बर्नार्डचा धाकटा भाऊ

शारजा विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा धुक्याने भरला. ऑगस्टात इथली दमट हवा एसीतून आलेल्या माणसाला आधी आंधळं करते. पुसून पुन्हा घातला तेव्हा समोर दादा उभा होता. फारच वाळला होता.

मी त्याला घरी न्यायला आलो होतो. तरुणपणी इकडे येताना वसईची आमची केळीची वाडी तो माझ्या नावावर करून आला. आता साठी उलटली, गॅरेजची नोकरी संपली, तर हा नालासोपाऱ्यात भाड्याची खोली शोधत होता. देऊन टाकलेल्या जमिनीवर पाहुणा म्हणून राहणार नाही, हा त्याचा हेका. आमच्या घराण्यात हट्ट मात्र वाटणीशिवाय सगळ्यांना पुरतो.

दोन दिवस त्याने मला औद्योगिक क्षेत्रातली गॅरेजं दाखवली, खुबूस (अरबी रोटी) आणि डाळ खाऊ घातली. वाडीचा विषय काढला की म्हणायचा, "खलास. आधी जेव."

संध्याकाळी तो तालमीला जायचा, मीही सोबत. चर्चच्या हॉलमध्ये वसईकर मंडळी संत बर्नार्डचं नाटक बसवत होती. मध्ययुगातला हा फ्रेंच सरदारपुत्र मठात निघाला तो भावांना, मित्रांना घेऊनच. पुढे ओसाड दरीत त्याने स्वतःचा मठ उभारला आणि साधूंनी झाडाची पानं उकडून खाल्ली. त्याचं प्रवचन असलं की आया म्हणे मुलांना लपवून ठेवत. मी त्या आयांच्या बाजूचा.

दादा झाला होता संताचा थोरला भाऊ. लहानग्या धाकट्याचं काम करत होता एक मिशाळ क्रेन ऑपरेटर, कारण इथल्या मुलांना मराठी वाक्यं जड जातात. ऐन प्रयोगाला त्याला ओव्हरटाइम लागला. नाटक बसवणारी नर्स मोनिका माझ्याकडे आली. "अंकल, तुम्ही उभे राहा ना. एकच लाइन आहे. यल्ला, चला लवकर, टाइम नाही."

तालमी पाहून ती लाइन मला पाठच होती. मी अंगणात खेळणारं पोर होऊन उकिडवा बसलो, गुडघे कुरकुरले, लोक हसले. भाऊ मठाकडे निघाले. दादा वाकून म्हणाला, "आम्ही चाललो. ही सगळी जमीन आता तुझी."

हेच तो आमच्या ओट्यावरून उतरताना म्हणाला होता. मी माझी लाइन म्हटली.

"तुम्हांला स्वर्ग आणि मला माती? ही वाटणी बरोबर नाही."

माझं वाक्य संपलं होतं. पण मी थांबलो नाही. "अर्धी तुझी, दादा. कागदावर. घरी चल."

मोनिका वहीत ते वाक्य शोधू लागली. दादा आणखी खाली वाकला.

"विहिरीकडची बाजू देशील?"

"देतो."

"तिकडे मी भेंडी लावणार. तू मध्ये बोलायचं नाही."

मी मान हलवली. त्याने माझा हात धरून मला उठवलं आणि आम्ही दोघं मठाच्या उलट दिशेने विंगेत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्या भावाला मागेच सोडून संत बर्नार्ड पुढे निघाला.

खऱ्या गोष्टीत धाकटाही मोठा होऊन भावांमागे मठात गेला. त्याचं थोरपण मला मान्य आहे. पण परतीच्या विमानात दादा शेजारी बसला होता आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहतं ते विचारत होता. स्वर्गाबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.