माझ्याविरुद्ध मीच लिहिलेलं पत्र

वडगावला तहसील कचेरीबाहेर माझं टेबल आहे. वारसनोंद, रस्त्याची तक्रार, असले लोकांचे अर्ज मी टाइप करून देतो. आणि रविवारी घरी बसून, भलत्याच नावाने, एका मासिकासाठी पुस्तकांची परीक्षणं लिहितो. घरचे आणि मासिकाचे संपादक सोडले तर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

टोपणनाव कशाला? भीतीपोटी, उगाच तत्त्वाचा आव आणत नाही. आमच्याकडे पुस्तक निघालं की कवी सहीची प्रत हातात ठेवतो आणि म्हणतो, "अभिप्राय कळवा." अभिप्राय म्हणजे कौतुक, हे दोघांनाही माहीत. हाच कवी दुसऱ्या दिवशी लग्नात पंगतीला शेजारी बसतो. त्याला तोंडावर "जमलं नाही" म्हणायची माझी छाती नाही.

कान्हे गावचे एक निवृत्त गुरुजी माझे जुने स्नेही. आठवड्यातून दोनदा लोकलने येतात, टेबलाशी चहा होतो, तासभर गप्पा. त्यांचा पहिला कवितासंग्रह मासिकाने नेमका माझ्याकडेच धाडला. मी लिहिलं, आईवरच्या कविता उसन्या वाटतात, भातलावणीच्या तेवढ्या खऱ्या.

अंक आला त्या आठवड्यात गुरुजी फिरकले नाहीत. पुढच्या सोमवारी आले ते अंकाची गुंडाळी घेऊनच.

"भाऊ, या समीक्षकाला उत्तर धाडायचंय. तुमीच लिवा, तुमाला लय बरं जमतं."

हा माणूस तुटला तर मनातलं बोलायला मला दुसरं कुणी नव्हतं. पण नाही तरी कसं म्हणणार? बसलो टाइप करायला, आणि खरं सांगतो, पत्र चांगलं झणझणीत उतरलं.

गुरुजींनी ते वाचलं आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. माझ्या प्रत्येक अर्जाप्रमाणे तोही 'सबब'ने सुरू होत होता. मग त्यांनी अंक उघडला. परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद: 'सबब, कवीने यापुढे...'

कवितेवर लिहितानाही 'सबब' टाकणारा अख्ख्या मावळात एकच प्राणी! मला मान वर करवेना.

"आईच्या कविता मलाबी खोट्याच वाटत व्हत्या," गुरुजी म्हणाले. "पर समदे म्हनले, डोळ्यांत पानी आलं. खरं कुनी बोललंच न्हाई." त्यांनी पिशवीतून नव्या कवितांची वही काढली. "नाव कुटलंबी लावा. पन ही आदी हितं, माझ्यासमोर वाचा."

मला एकदम हलकं वाटलं. चहा सांगितला, वही उघडली. दुसऱ्या पानावर थांबलो, चष्मा काढून पुसला आणि त्यांच्याकडे बघून म्हणालो,

"गुरुजी, ही जमली नाही."